येतो म्हणून गेले

नोकरीत बरीच प्रकरणं हाताखालून गेली. त्यातली निम्मी आता आठवत नाहीत, आणि काही आठवू नयेत अशी माझीच इच्छा असते. बुऱ्हाणपूरचं हे एक प्रकरण मात्र मनातून जायला तयार नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, शेवटी आरोपीही कोणी निघाला नाही. एक म्हातारा माणूस हरवला होता आणि त्याच्यापायी एका विधवा बाईचं चालतं घर बंद पडायची वेळ आली होती, एवढीच हकीकत. नावं सांगत नाही. बाई अजून आहेत आणि त्यांना प्रसिद्धीची हौस नाही.

मी मराठी घरातला, पण सगळी नोकरी मध्य प्रदेश पोलिसात झाली. आमच्याकडे फिर्याद हिंदीत, जबाब हिंदीत आणि शिव्याही हिंदीत. मराठी फक्त घरी. बुऱ्हाणपूरला ठाण्याचा प्रभारी म्हणून गेलो तेव्हा तर घरही सोबत नव्हतं. बायको आणि मुलगा शाळेसाठी इंदूरला राहिले होते. सरकारी क्वार्टरमध्ये मी, एक पंखा आणि एक लोखंडी कॉट. मराठीशी माझी भेट संध्याकाळी फोनवर व्हायची, तीही 'जेवलात का' आणि 'ठेवते' एवढ्यापुरती.

खबर द्यायला बाई स्वतःच ठाण्यात आल्या होत्या. मी त्या दिवशी एका मंत्र्याच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात होतो. त्यामुळे त्यांचा जबाब आमच्या हेड कॉन्स्टेबलने लिहून घेतला. आमच्या खात्यात हेड कॉन्स्टेबलला दिवाणजी म्हणतात. हे दिवाणजी सागरकडचे, अक्षर मोत्यासारखं, कामात चोख, आणि मराठीशी त्यांचा संबंध बाजारात भाजी घेण्यापुरता. त्यांनी बाईंचं बोलणं हिंदीत लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली आणि 'गुम इंसान' म्हणून नोंद केली. नियमाप्रमाणे सगळं ठीक झालं होतं.

बाईंचं घर इतवारा मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत होतं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो तरुणपणीच गेला. दिराने सांगितलं, घर विकून माहेरी जा. बाईंनी घर विकलं नाही. बँकेतल्या दोन परगावच्या कारकुनांना जेवू घालायला सुरुवात केली, मग त्यांनाच वरची खोली दिली, आणि बघता बघता ते घर म्हणजे गावातल्या एकट्या माणसांचा पत्ता होऊन बसलं. बँकेतली पोरं, औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, बदलीवर आलेले मास्तर, केळीच्या दिवसांत बहादरपूरकडे माल बघायला येणारी व्यापाऱ्यांची माणसं. सगळे त्यांना काकू म्हणत. घराचे नियम दोनच होते. कोणी न सांगता बाहेर जायचं नाही आणि कोणी उपाशी झोपायचं नाही. शेवटचा भाडेकरू जेवल्याशिवाय बाई स्वतः जेवत नसत. या भागात एका डाळीला फौजदारी डाळ म्हणतात. ती बाईंच्या हातची खाल्ली की वर्दीतल्या माणसालाही आपल्या खात्याबद्दल आदर वाटू लागे, असं मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी त्या घरात वेगळ्या कामाने शिरत होतो.

हरवलेल्या गृहस्थांना सगळे नाना म्हणत. तरुणपणी महाराष्ट्रातून इकडच्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि तिथेच निवृत्त झाले. बायको वारली, कारखान्याचं क्वार्टर रिकामं करावं लागलं. मुलगा भोपाळला. त्याच्याकडे काही महिने राहिले आणि 'चार दिवस जुन्या लोकांना भेटून येतो' म्हणून परत इकडे आले. ते चार दिवस कित्येक वर्षं चालले. बाईंच्या घरात स्वयंपाकघराला लागून असलेली तळमजल्यावरची खोली त्यांची होती. सकाळी बाई भाजी निवडायच्या आणि नाना दारात खुर्ची टाकून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. बाई म्हणायच्या, मरणाच्या बातम्या सोडून वाचा. मग वाचण्यासारखं फारसं उरायचं नाही आणि दोघं गप्प बसायचे. भाडेकरूंनी सांगितलेली ही एवढीच त्या दोघांची कहाणी. गल्लीला मात्र एवढीही पुरेशी होती.

थंडीचे दिवस होते. नाना सकाळी निघाले ते संध्याकाळी जेवायला आले नाहीत. मोबाइल खोलीतल्या फळीवर चार्जिंगला लावलेला तसाच होता. दुसऱ्या दिवशी बाई ठाण्यात आल्या, आणि त्यानंतर मुलगा भोपाळहून आला.

मुलगा चाळिशीतला, नीटनेटका, डोळे तांबारलेले. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्याने सुरुवात केली.

"सर, मैं क्लिअर बता रहा हूँ, त्या बाईनेच काहीतरी केलंय. पापांना पूरा आपल्या कब्जात ठेवलं होतं. माझ्याकडे येऊच द्यायची नाही. कुठल्या घरमालकिणीला भाडेकरूची एवढी काळजी असते?"

"तुमचं आणि वडिलांचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

तो घुटमळला. "सर, ते फोन उचलायचे नाहीत. बिझी असायचे म्हणे."

माझा अनुभव असा आहे की मनातून अपराधी वाटत असलेला माणूस सगळ्यात आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण मुलं अशी बोटं दाखवतात तेव्हा त्यामागे गुन्हाच असतो असं नाही. मी त्याचा लेखी अर्ज घेतला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की वडिलांच्या जीवाचं बरंवाईट झालं असून बाईंवर संशय आहे. आता प्रकरण साधं हरवल्याचं राहिलं नव्हतं. नाना सापडले नाहीत, किंवा मेलेले सापडले, तर या बाईंना आयुष्यभर त्याचं उत्तर देत बसावं लागणार होतं, कोर्टात नाही तरी गल्लीत.

मी नानांची खोली पाहिली. त्यांची नेहमीची कापडी पिशवी नव्हती. स्वेटर नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा नव्हता. मग दिवाणजींनी लिहिलेला बाईंचा जबाब वाचला. त्यात होतं, 'मैं अभी आता हूँ, ऐसा कहकर निकले.' इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. जरा बाहेर जाऊन येणारा माणूस स्वेटर आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन कशाला निघेल? एक तर नाना काय म्हणाले ते बाईंना माहीत नव्हतं, नाहीतर सामान त्यांनीच हलवलं होतं.

घरी जाऊन विचारलं तर बाई एका वाक्यापुढे जाईनात. "मी काय सांगू साहेब? सकाळी गेले ते आलेच नई." भांडण झालं होतं का? "नई." कोणी भेटायला आलं होतं का? "नई." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चुलीकडच्या भिंतीकडे बघत होत्या. काहीतरी दडवत होत्या हे शिकाऊ शिपायालाही कळलं असतं.

त्याच सुमारास ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा घाईत होता. "उस खानावळ वाली के पिछवाड़े में टंकी है. अभी अभी सीमेंट हुआ है. देख लो." फोन बंद. 

मागच्या अंगणात जमिनीतली पाण्याची टाकी होती आणि तिच्या तोंडाभोवती ताजं सिमेंट खरंच दिसत होतं. बाई म्हणाल्या, "टंकी फुटेल होती, पानी गळू राहिलं होतं, म्हून प्लास्टर केलं. मिस्त्रीले विचारा ना." मिस्त्री कामाला परगावी गेला होता. मी पंच बोलावले, टाकीवरची फरशी काढायला लावली आणि पाणी उपसलं. गल्लीतली प्रत्येक गच्ची माणसांनी भरली होती. काहींनी मोबाइल वर धरले होते. बाई मागच्या दारात उभ्या होत्या. आत स्वच्छ प्लास्टर होतं आणि तळाशी एक स्टीलचा तांब्या पडलेला होता. आम्ही पंचनामा केला, 'काही मिळून आले नाही' असं लिहिलं आणि परत आलो. पुष्कळ जणांना वाटतं की अशा वेळी अधिकाऱ्याने माफी मागावी. मी मागितली नाही. आज तशीच खबर आली तर आजही मी टाकी उघडेन. पण उघडल्यानंतर त्या घराचं काय होतं, ते मी त्या वेळी पहिल्यांदा जवळून पाहिलं.

भाडेकरू एकेक करून निघाले. आधी औषधवाले गेले, मग मास्तर. शेवटी बँकेतली दोन पोरं उरली होती. मी मिस्त्रीचा पत्ता विचारायला गेलो तेव्हा ती ट्रॉली-बॅगा घेऊन जिन्यावरून उतरत होती. एकजण माझ्याकडे बघून ओशाळला. 

"काकू, घरचे ऐकेनात. माहोल ठीक नाही म्हणतात," तो म्हणाला. "येतो काकू."

"या बाबा," बाई म्हणाल्या.

दुसराही म्हणाला, "येतो काकू."

"या."

ती पोरं काही येणार नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि बाईंनाही. दार लागल्यावर बाई परातीत मळलेल्या पिठाकडे बघत बसल्या. रोजच्या सवयीने त्यांनी सगळ्या घराचं पीठ मळलं होतं. मला म्हणाल्या, "साहेब, तुमी तरी जेवून जा. इतकं फेकू कसं?" तपास चालू असताना संशयिताच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा माझा नियम. मी नको म्हणालो. क्वार्टरवर येऊन मेसचा गार डबा उघडला आणि ती परात डोळ्यांसमोरून जाईना.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली, दिवाणजींना लिहायला बसवलं. आडवळणं घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं.

"बाई, जबाबात तुम्ही म्हणता, नाना 'आत्ता येतो' म्हणून गेले. आत्ता येणारा माणूस पिशवी, स्वेटर आणि गोळ्या घेऊन जातो का?"

"मी असं बोललीच नई."

दिवाणजी ताडकन म्हणाले, "बोला है साहब. मैंने खुद लिखा, पढ़कर सुनाया. इन्होंने सिर हिलाया, दस्तखत किए."

दिवाणजी खोटं लिहिणारे नव्हते. मी बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या तोंडून जे शब्द निघाले, तेच मला मराठीत सांगा."

"'येतो' म्हणून गेले, असं बोलली."

"वही तो," दिवाणजी म्हणाले. "येतो, यानी आता हूँ."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला हसू फुटलं. एका शब्दावर आम्ही अख्खा तपास उभा केला होता आणि तो शब्द निरोपाचा होता. जवळच गेला असेल या हिशेबाने आम्ही इतवारा पिंजून काढला होता, दवाखाने पालथे घातले होते, आणि त्याच 'अभी आता हूँ'मुळे बाई खोट्या ठरल्या होत्या. मी दिवाणजींना समजावलं की मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. कोपऱ्यावर निघाला तरी येतो, आणि देश सोडून निघाला तरी येतो.

दिवाणजींनी पेन खाली ठेवलं. "जाने वाला कहता है, आता हूँ?"

"हो."

"और जो सच में आ रहा हो?"

"तोही येतो म्हणतो."

"साहब," ते गंभीरपणे म्हणाले, "इस भाषा में तो कोई भी फरार हो जाए."

महिला शिपाई तोंडावर हात ठेवून हसली. मला माझी मायबोली समजावून सांगायची संधी क्वचितच मिळे, म्हणून मीही जरा रंगात आलो. घरातून निघताना 'जातो' म्हणणं आमच्यात कसं अशुभ, लहानपणी चुकून म्हटलं तर आई कशी परत आत बोलावून पाण्याचा घोट प्यायला लावायची, हे मी हिंदीत सांगत सुटलो. 'जातो' म्हणजे कायमचं. तसं कोणी म्हणतच नाही, असं मी म्हणालो आणि सहज बाईंकडे पाहिलं.

त्यांनी पदर तोंडात धरला होता. खांदे हलत होते.

"काय झालं, बाई?"

पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "साहेब, नाना 'येतो' म्हणालेच नई." 

"मग?"

"जातो म्हणाले." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "मी ते कसं सांगू? माझ्या तोंडातून निघेचना. लोक काय म्हणून गेले विचारतात, तर येतो म्हणून गेले असंच निघतं ना तोंडातून."

पुढचं सगळं मग न विचारता आलं. नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाचा बाईंना फोन आला होता. नको नको ते बोलला होता. विधवा बाईच्या घरात माझे वडील, लोक मला तोंडावर विचारतात, तुम्हाला लाज नाही का, असं. बाईंनी फोन ठेवला. नवरा गेल्यापासून त्यांनी पन्नास माणसं सांभाळली होती, पण त्यांच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. संतापात आणि शरमेत त्यांनी नानांना सांगून टाकलं, "नाना, तुमी आता पोराकडे गेलेलं बरं. मला हे असलं ऐकवत नई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आंघोळ करून, पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मी भाकरी थापू राहिली होती," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, 'बाई, जातो.' येतो म्हटलं की या म्हणायची सवय हाये मला, हात पिठात असला तरी तोंडातून निघतं. पण जातो म्हटल्यावर काय म्हणतात ते मला माहीतच नई. मी मान वर केलीच नई साहेब. भाकरी जळली."

दिवाणजी लिहायचे थांबले होते. त्यांना प्रत्येक शब्द कळला असेल असं नाही, पण त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून पाणी भरून बाईंसमोर ठेवलं.

मुलाला बोलावून विचारलं. आधी त्याने नाही म्हणून मान हलवली, मग कबूल केलं. "सर, गुस्से में बोल गया. मला वाटलं, ती हाकलेल आणि पापा माझ्याकडे येतील. मी दोन दिवस स्टेशनवर गाडी बघायला गेलो होतो, सर." आणि तो रडायला लागला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला, पण टिकला नाही. वडील आपल्याकडे येत नाहीत म्हणून एखादा माणूस इतका वाईट वागू शकतो, हेही एक प्रकारचं एकटेपणच.

आता प्रश्न एकच होता. जातो म्हणून निघालेला माणूस कुठे गेला? बाई तापीचं नाव घेत नव्हत्या, पण आम्हा सगळ्यांच्या मनात तीच होती. मीही आधी तापीचाच विचार केला, आणि मग स्वेटरचा. जीव द्यायला निघालेला माणूस रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीने घेत नाही. नाना मरायला गेले नव्हते, त्यांना कुठेतरी राहायचं होतं. फक्त ते 'कुठेतरी' त्यांच्यापाशी नव्हतं. अशी माणसं बहुधा जिथे कधीकाळी त्यांचं घर होतं तिथे जातात. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, हरवलेली माणसं शोधून शोधून कळलेलं आहे.

मी साध्या कपड्यांत दिवाणजींना घेऊन कागद कारखान्याच्या वसाहतीत गेलो. नानांच्या जुन्या क्वार्टरला कुलूप होतं, खिडक्या निखळलेल्या, अंगणात गुडघाभर गवत. तिथल्या चौकीदाराला फोटो दाखवला. तो म्हणाला, हे बाबूजी आले होते. कुलपाला हात लावून उभे राहिले, किल्ली कोणाकडे असते विचारलं. किल्ली हरवली असं सांगितल्यावर 'असू दे' म्हणाले आणि चांदनीच्या रस्त्याला लागले.

चांदनी म्हणजे पुढचं छोटं गाव. स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या थोड्या. फलाटावरच्या बाकावर नाना बसलेले होते. अंगात तो स्वेटर, मांडीवर ती पिशवी, दाढी वाढलेली. चहावाल्याने सांगितलं की हे रोज इथेच बसतात, पोळी-चहा घेतात आणि गावातल्या मंदिरात झोपतात. कोणाशी बोलत नाहीत.

मी शेजारी बसलो. "नाना?"

त्यांनी वळून पाहिलं. "आपण कोण?"

"बुऱ्हाणपूर ठाण्यातून आलोय."

ते उठायला धडपडले. "बाईंना काही झालं का?"

"त्या ठीक आहेत. बसा. कोणत्या गाडीची वाट बघताय?"

नाना पुन्हा बसले. समोरच्या रुळांकडे बघत म्हणाले, "ठरत नाही हो. इकडची गाडी मुलाकडे जाते, तिकडची बुऱ्हाणपूरला. इकडे गेलो तर सूनबाईंना खोली रिकामी करावी लागते, नातू हॉलमध्ये झोपतो. तिकडे गेलो तर त्या बाईंच्या नावाला काळिमा. रोज सकाळी वाटतं, आज ठरवू. मग दोन्ही गाड्या जातात."

मी आयुष्यात पुष्कळ फरारी पकडले. त्या सगळ्यांना कुठेतरी पोचायचं होतं. तिकीट न काढता दिवसच्या दिवस स्टेशनवर बसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी चहा मागवला.

जीपमध्ये मी त्यांना टाकीचं सांगितलं, गच्चीवरच्या लोकांचं आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांचंही. त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले.

ठाण्यात मुलगा आधीच येऊन बसला होता. बाईंना मी बोलावून घेतलं होतं. मुलाने वाकून नमस्कार केला, नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाई दारापाशीच उभ्या राहिल्या.

हरवलेला माणूस सापडला की त्याचा जबाब घ्यावा लागतो. का गेलात, कोणी पळवलं का, कोणी धमकावलं का, आणि आता कुठे जायचं आहे. सज्ञान माणूस असेल तर तो म्हणेल तिथे त्याला जाऊ द्यायचं, कायदा एवढं सरळ सांगतो. नानांनी सगळी उत्तरं शांतपणे दिली. स्वतःच्या मर्जीने गेलो, कोणाचा दोष नाही. दिवाणजी लिहीत होते. मग त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला.

"बाबूजी, अब आप कहाँ रहना चाहते हैं?"

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना प्रश्न ऐकू आला नाही असं समजून दिवाणजींनी तो मोठ्याने पुन्हा विचारला. मुलगा म्हणाला, "पापा, घर चलते हैं ना." नानांनी त्याच्या हातावर थोपटलं, पण उत्तर दिलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांना इथून उठवून तिथे ठेवलं गेलं होतं, प्रेमाने असेल किंवा नाइलाजाने. कुठे राहायचं आहे, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं ते पोलिसांनी, तेही कागदावर तसा प्रश्न असतो म्हणून.

शेवटी ते दाराकडे वळले. 

"बाई, एखादी खोली रिकामी आहे का?"

बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. त्यांच्या आवाजात राग होता की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही.

"सगळ्याच रिकाम्या हायेत," त्या म्हणाल्या. "कोणती पाहिजे ते सांगा."

दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं. "साहब, क्या लिखूँ?"

"पत्ता लिहा," मी म्हणालो. मग मुलासमोर, शिपायांसमोर आणि खिडकीबाहेर घोटाळणाऱ्या गल्लीतल्या दोघांसमोर बाईंच्या घराचा पत्ता मी मोठ्याने सांगितला. मुलाने मान खाली घातली, पण हरकत घेतली नाही. त्या रात्री तो वडिलांबरोबर त्याच घरात जेवला, असं दिवाणजींनी सांगितलं.

माझी बदली होईपर्यंत खोल्या हळूहळू पुन्हा भरल्या. तपास संपल्यामुळे माझ्या नियमाची अडचण उरली नव्हती आणि रविवारी मीही तिथे जेवायला जाऊ लागलो. नाना दोन वर्षांनी त्याच खोलीत वारले. मुलगा शेजारी होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. जबाब ज्याच्या त्याच्या भाषेत घ्यावा, हे मी नव्या पोरांना सांगत आलो आणि ते खरंच आहे. पण मला खोलवर लागला तो दिवाणजींनी नानांना विचारलेला शेवटचा प्रश्न. आता मी निवृत्त आहे. बायको गेल्यावर मुलाने इंदूरचं घर आवरलं आणि मला आपल्याकडे आणलं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. माझी खोली त्यांनी रंगवून घेतली, खिडकीला पडदे लावले, औषधं वेळेवर येतात. दिवसभर घरात मी एकटा असतो. कुठे राहायचं आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारायचं त्यांना सुचलं नसेल, आणि मीही अजून आपणहून सांगितलेलं नाही. उत्तर मात्र मला तोंडपाठ आहे, इतवाऱ्यामागच्या त्या गल्लीच्या नावासकट.